शेवटच्या वर्षाचा प्रकल्प : संशोधनाचा पहिला धडा

अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षातील प्रकल्प हा विद्यार्थ्याच्या आयुष्यातील एक वेगळा टप्पा असतो. ज्याचे उत्तर पुस्तकाच्या मागील पानावर छापलेले नाही, असा प्रश्न बहुतेकांसमोर येथेच प्रथम येतो. मात्र अनेकदा हा प्रकल्प गुणपत्रिकेतील एका रकान्यापुरताच उरतो. तयार प्रकल्प विकणाऱ्यांकडे यंत्र, अहवाल आणि सादरीकरण असा सगळा संच विकत मिळतो. मिळत नाही ती प्रश्नाला स्वतः भिडण्याची सवय. ही सवय कशी लावून घ्यावी, हे स्थापत्य शाखेतील एका नेहमीच्या प्रकल्पाच्या आधारे पाहू.

विषय नव्हे, प्रश्न

'काँक्रीटमध्ये फ्लाय अ‍ॅशचा वापर' हा विषय झाला. 'सिमेंटच्या ३० टक्के वजनाइतकी फ्लाय अ‍ॅश त्याच्या जागी वापरली आणि पाण्याचे प्रमाण कायम ठेवले, तर ९० दिवसांनी काँक्रीटची ताकद मूळ काँक्रीटइतकी भरते का?' हा प्रश्न झाला. त्याचे उत्तर मोजून मिळते आणि ते 'नाही' असेही येऊ शकते. ज्या प्रश्नाचे उत्तर आधीच ठरलेले असते, त्यासाठी प्रयोगाची गरजच नसते.

आधीचे काम वाचणे

औष्णिक वीज केंद्रातील कोळशाच्या या राखेवर जगभर विपुल काम झाले आहे. म्हणून पहिले काही आठवडे वाचनाला द्यावेत. भारतीय विद्यापीठांतील पीएच.डी.चे प्रबंध 'शोधगंगा' या संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात. केंद्र व राज्य सरकारच्या उच्च शिक्षण संस्थांसाठी 'एक राष्ट्र, एक सदस्यत्व' ही योजना जानेवारी २०२५ पासून सुरू झाली असून, तिच्यामुळे हजारो आंतरराष्ट्रीय नियतकालिके या संस्थांतील विद्यार्थ्यांना खुली झाली आहेत. प्रत्येक लेख वाचताना कोणते साहित्य वापरले, किती नमुने तपासले आणि कोणता प्रश्न शिल्लक राहिला, या तीन गोष्टी टिपून ठेवाव्यात.

या वाचनाचा फायदा लगेच दिसतो. बाजारात 'पीपीसी' म्हणून मिळणाऱ्या सिमेंटमध्ये मानकानुसार १५ ते ३५ टक्के फ्लाय अ‍ॅश आधीच मिसळलेली असते. हे ठाऊक नसलेला विद्यार्थी त्यात आणखी ३० टक्के राख मिसळतो आणि त्याच्या अहवालातील प्रत्येक टक्केवारी चुकीची ठरते. प्रयोगासाठी अशी राख नसलेले 'ओपीसी' सिमेंटच घ्यावे लागते.

प्रयोगाची आखणी

एका वेळी एकच घटक बदलावा, हा प्रयोगाचा मूलभूत नियम. राखेचे प्रमाण बदलत असताना पाणी, खडी किंवा वाळूही बदलली, तर ताकद कशामुळे वाढली वा घटली हे सांगता येत नाही. राख नसलेले मिश्रण तुलनेसाठी सोबत असलेच पाहिजे.

त्यानंतर हिशेब करावा. शून्य, १०, २०, ३० आणि ४० टक्के अशी पाच प्रमाणे. ७, २८ आणि ९० दिवस अशी तीन वये. प्रत्येक वेळी तीन क्यूब. एकूण ४५ क्यूब झाले. १५० मिलिमीटरचा एक क्यूब साधारण आठ किलोचा असतो. म्हणजे सुमारे ३६० किलो काँक्रीट, तेवढे साचे आणि पाण्यात ठेवण्यासाठी तेवढी जागा हवी. फ्लाय अ‍ॅशच्या काँक्रीटची ताकद सावकाश वाढते. २८ दिवसांवर थांबल्यास ते निकृष्ट वाटण्याचा संभव असतो. ज्याला ९० दिवसांचा निकाल हवा आहे, त्याने क्यूब पहिल्या सत्रातच भरायला हवेत.

आकड्यांशी प्रामाणिकपणा

खरी परीक्षा येथे असते. समजा, तीन क्यूबची ताकद ३०, ३२ आणि २४ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर आली. २४ हा आकडा वगळून ३१ ही सरासरी लिहिण्याचा मोह कोणालाही होईल. परंतु 'आयएस ४५६ : २०००' या मानकानुसार कोणताही क्यूब सरासरीपासून १५ टक्क्यांहून अधिक दूर असेल, तर त्या नमुन्याचा निकालच अग्राह्य ठरतो. येथे सरासरी सुमारे २८.७ असून २४ हा आकडा तिच्याहून १६ टक्के कमी आहे. म्हणजे क्यूब पुन्हा भरणे आले. काँक्रीट नीट ठोकले गेले नव्हते का, क्यूब यंत्रात तिरका बसला होता का, याचा शोध घेणे हेही संशोधनच आहे.

त्यासाठी नोंदवही हवी. तारीख, तापमान, साहित्याची वजने आणि फसलेले प्रयोग त्याच दिवशी शाईने लिहावेत. चुकलेला आकडा एका रेघेने खोडावा. पान फाडू नये.

अहवाल आणि पुढील वाटा

प्रश्न, पद्धत, निष्कर्ष आणि चर्चा हा अहवालाचा क्रम रूढ आहे. आपली पद्धत वाचून दुसऱ्या महाविद्यालयातील विद्यार्थ्याला तोच प्रयोग करता आला पाहिजे. इतरांचा मजकूर उतरवणे टाळावे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार, पदव्युत्तर आणि संशोधन अभ्यासक्रमांच्या प्रबंधात ६० टक्क्यांहून अधिक साम्य आढळल्यास विद्यार्थ्याची नोंदणी रद्द होऊ शकते.

गोडी लागलेल्यांसाठी पुढच्या वाटाही आहेत. देशातील तीन विज्ञान अकादमींच्या उन्हाळी संशोधन शिष्यवृत्तीतून नामवंत शास्त्रज्ञांच्या हाताखाली काम करता येते. राज्यातील विद्यापीठांच्या 'आविष्कार' स्पर्धेत पदवीच्या विद्यार्थ्यांनाही आपले काम मांडता येते.

प्रत्येक अभियंता संशोधक होणार नाही. पण उद्या एखाद्या पुलाच्या कामावर चाचणीचा कागद सहीसाठी त्याच्यासमोर येईल. तेव्हा त्यावरील २४ या आकड्याचे काय करायचे, हे त्याने प्रयोगशाळेतच शिकलेले असावे.