कराचीला निघालेलं जहाज

शनिवार, ४ ऑक्टोबर १९३०. इंग्लंडात बेडफर्डशायरमधल्या कार्डिंग्टनच्या माळावर तुम्ही उभे आहात. संध्याकाळचे सहा वाजून गेलेत, वारा वाढतो आहे, पावसाची भुरभुर लागली आहे. मोटारी घेऊन आलेल्या लोकांनी दिवे एकाच बाजूला वळवून ठेवलेत, दोनशे फूट उंचीच्या लोखंडी मनोऱ्याकडे. त्या मनोऱ्याला नाकाने बांधलेलं आर-१०१ वाऱ्यावर हलतं आहे.

मान वर करून ते एका नजरेत मावत नाही. लांबी ७७७ फूट; मुंबईचे पावणेतीन राजाबाई टॉवर आडवे एकापुढे एक ठेवावेत एवढी. पोटात पंचावन्न लाख घनफूट हायड्रोजन. तो भरलाय ज्या पिशव्यांत, त्यांना आतून गुरांच्या आतड्यांचा पातळ पापुद्रा लावला आहे, कारण हायड्रोजन दुसऱ्या कशाने इतका नीट अडत नाही. ब्रिटिश सरकारने स्वतःच्या कारखान्यात बांधलेलं हे हवाई जहाज आज रात्री हिंदुस्थानला निघालं आहे. वाटेत इजिप्तमध्ये इस्माइलियाला मुक्काम, मग कराची.

मनोऱ्यातल्या लिफ्टकडे जाणारा तो उंच माणूस पाहा. हवाई खात्याचे मंत्री, लॉर्ड थॉमसन. जन्म नाशिकचा, १८७५ सालचा. लष्करी घराण्यातला मुलगा. आज तो मंत्री म्हणून हिंदुस्थानकडे निघाला आहे, आणि पुढचा व्हाइसरॉय तोच, अशी कुजबुज लंडनमध्ये आहे. कराची या दिवशी मुंबई इलाख्यातच आहे. तिथे या जहाजासाठी प्रचंड हँगर उभारून ठेवलंय. कराचीकर त्याला ‘काला छपरा’ म्हणतात. गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात आहेत, मिठाचा सत्याग्रह अजून विझलेला नाही. बोटीने आठवडेच्या आठवडे खाणारं अंतर काही दिवसांवर आणायचं आणि साम्राज्याचे दूरचे कोपरे जवळ ओढायचे, यासाठी हा सगळा खटाटोप १९२४पासून चालू आहे.

थॉमसनना २० ऑक्टोबरच्या सुमाराला लंडनमध्ये परत यायचंच आहे. साम्राज्य परिषद भरली आहे. तिथे हिंदुस्थानला हवेतून जाऊन आलेला मंत्री म्हणून त्यांना उभं राहायचं आहे. ही तारीख लक्षात ठेवा. आजच्या रात्रीत जे काही घडणार आहे, त्यात वाऱ्याइतकाच हात या तारखेचा आहे, असं मी पुराव्यानिशी म्हणतो.

पुरावा बघायला तीन महिने मागे चला. ३ जुलै. तुम्ही आता शेडच्या आत आहात. कापडावर चढवलेल्या रोगणाचा उग्र वास नाकात जातो. जहाज अपेक्षेपेक्षा फार जड झालं आहे. डिझेलची पाच इंजिनंच मुळात वजनदार. उष्ण मुलखात पेट्रोलच्या वाफेचा भडका उडेल या भीतीने ती निवडली होती. उचल वाढवायची म्हणून वायूच्या पिशव्यांभोवतीचं जाळं सैल केलं, पिशव्या फुगल्या आणि आता त्या सांगाड्याच्या कडांवर, नटांवर घासतायत. उपाय म्हणून जागोजागी गाद्या बांधल्या आहेत, हजारोंनी. एवढ्यानेही भागणार नाही म्हणून लवकरच जहाज मधोमध कापून त्यात एक नवा खण बसवणार आहेत. ७३२ फुटांचं जहाज ७७७ फुटांचं होईल ते तेव्हा.

शेडमध्ये निरीक्षक मॅकवेड आहेत. जहाज उडण्यालायक आहे की नाही हे पाहणं ही त्यांची नोकरी, आणि ती ते नेमाने करतात. आज त्यांनी वरिष्ठांना पत्र लिहिलं आहे: गाद्या बांधून हा दोष जात नाही, पिशव्यांना भोकं पडत राहतील, अशा स्थितीत मी शिफारस करू शकत नाही. हे पत्र वरच्या साहेबाकडे गेलं, तिथून जहाज बांधणाऱ्यांकडेच खुलाशाला गेलं, आणि ‘गाद्यांनी काम भागेल’ असं उत्तर येऊन विषय मिटला. ज्याच्या कामाबद्दल तक्रार आहे त्यालाच तक्रारीचा निवाडा करायला सांगितला! मला या सगळ्या हकिगतीत आगीपेक्षाही या कागदाचा प्रवास जास्त अस्वस्थ करतो.

आता १ ऑक्टोबरवर या. नवा खण बसवल्यानंतरची पहिली आणि एकुलती एक चाचणी. हवा शांत. सुमारे सतरा तासांत एका इंजिनाचा ऑइल कूलर बिघडला, म्हणून पूर्ण वेगाने उडवून बघायचं राहूनच गेलं. वादळी हवेत तर नवं जहाज एकदाही गेलेलं नाही. तरीही उड्डाणाचा परवाना निघाला आणि प्रवासाच्या तोंडावर हातात पडला.

परत मनोऱ्यापाशी. सहा वाजून छत्तीस मिनिटं. दोर सुटतो. नाक वर यावं म्हणून भाराचं चार टन पाणी खाली सोडावं लागतं. ते पावसात मिसळून जमिनीवर आदळतं. लोक टोप्या हलवतात. तुम्ही माझ्याबरोबर आत आहात.

आत गेल्यावर विसरायला होतं की हे हवेत आहे. पांढऱ्या-सोनेरी खांबांचं दिवाणखान्यासारखं दालन, कुंड्यांतली पामची रोपं, वेताच्या खुर्च्या. इस्माइलियाला मोठ्या लोकांना जहाजातच मेजवानी द्यायची आहे, म्हणून गालिचे अंथरलेत. खलाशांना सामान मोजून-मापून आणायला लावलं होतं; मंत्र्यांच्या सामानात मात्र शॅम्पेनच्या पेट्या आणि पर्शियन गालिचा आहे. आणि हायड्रोजनच्या एवढ्या साठ्याखाली चक्क धूम्रपानाची खोली, अ‍ॅस्बेस्टॉसच्या भिंतींची.

कप्तान आहेत कार्मायकल अर्विन, १९२०च्या ऑलिंपिकमध्ये धावलेले. मुलकी विमानवाहतुकीचे प्रमुख सर सेफ्टन ब्रँकर आहेत, हवाई जहाजांच्या विभागातले मेजर स्कॉट आणि कोलमोर आहेत, जहाजाचा आराखडा करणारे रिचमंडही आहेत. एकूण चौपन्न माणसं.

हेस्टिंग्जवरून इंग्लंड मागे पडतं. इंग्लिश खाडी ओलांडताना जहाज खाली-खाली येतं, लाटा जवळ वाटतात. वारा अंदाजापेक्षा जास्त आहे. मध्यरात्री बिनतारी संदेश जातो: जेवण उत्तम झालं, पाहुण्यांनी शेवटचा सिगार ओढला, फ्रान्सचा किनारा दिसला, सगळे झोपायला गेले, यंत्रणा ठीक आहे. खोटं काहीच नाही त्यात. वरच्या अंधारात एखादं कापड फाटू लागलं असेल तर ते खालच्यांना दिसणारच कसं?

रात्रीचे दोन. पहारा बदलतो. शेपटाकडच्या इंजिनाच्या खोलीत इंजिनिअर बिंक्स पाच-एक मिनिटं उशिरा पोचतो. आधीच्या पाळीचा बेल त्याला उशिराबद्दल बोलतो. तेवढ्यामुळे दोघेही तिथे आहेत. धूम्रपानाच्या खोलीत हॅरी लीच हा फोरमन एकटा बसला आहे. खाली बोव्हेचं गाव मागे पडतंय, जिथलं अर्धवट राहिलेलं उंच कॅथेड्रल फ्रान्सभर प्रसिद्ध आहे. या टेकाडांवर वारा खेचतो.

अचानक जमीन पुढे कलते. लीचच्या समोरच्या मेजावरचे पेले आणि सोड्याची बाटली घसरून खाली पडते. तो वाकतो, उचलतो, परत मेजावर ठेवतो. जहाज सरळ झालंय. इंजिनांना ‘सावकाश’ची घंटा वाजते. एक खलाशी आणीबाणीचं पाणी सोडायला नाकाकडे धावतो. मुख्य कॉक्सवेन हंट झोपलेल्यांच्या जागेतून जाताजाता सांगतो की आपण खाली आलोय रे पोरांनो. मग जहाज दुसऱ्यांदा वाकतं.

आपटणं विशेष जोराचं नाही. अलोन गावाजवळच्या रानात नाक मातीत घुसतं, थोडं घासत जातं, थांबतं. क्षणभर वाटतं, वाचलो. आणि मग हायड्रोजन पेटतो.

तुम्ही लीचच्या जवळ राहा, कारण वाट त्यालाच सापडणार आहे. छत कोसळून बाकांच्या पाठींवर टेकलं आहे. म्हणजे खाली पोटावर सरकण्याएवढी फट उरली. तो अ‍ॅस्बेस्टॉसची भिंत फोडतो आणि बाहेर पडतो. बाहेर आल्यावर पळून जायचं सोडून तो आगीत परत शिरतो आणि बिनतारीवाल्या डिस्लीला ओढून काढतो. त्याला पुढे अल्बर्ट पदक मिळालं. मागे, बिंक्स आणि बेलच्या डोक्यावरची पाण्याची टाकी फुटली आणि सगळं पाणी त्यांच्या खोलीवर पडलं. तेवढ्या ओल्या अवकाशात ती दोघं जगली. रात्री सशांसाठी फासे लावत फिरणारा एक गावकरी हे लांबून पाहत होता.

सहा जण वाचले. शेहेचाळीस तिथेच गेले, दोघे इस्पितळात. मृतांपैकी अनेकांची ओळखही पटली नाही.

वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये शवपेट्यांची रांग लागली तेव्हा लोक तासन्‌तास उभे राहिले. सेंट पॉलमध्ये प्रार्थना झाली, आणि ११ ऑक्टोबरला सगळ्यांना कार्डिंग्टनच्या चर्चच्या आवारात एकाच मोठ्या थडग्यात पुरलं. मंत्री आणि खलाशी शेजारी-शेजारी.

कराचीतल्या काला छपराखाली हे जहाज कधी आलंच नाही. त्याच कराचीतल्या ड्रिघ रोडच्या मैदानावरून १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जेआरडी टाटांनी टपालाची पोती घेऊन एका छोट्या पुस मॉथ विमानातून मुंबईच्या जुहूकडे झेप घेतली. हिंदुस्थानच्या आकाशात टपाल गेलं ते अशा लहान, हलक्या यंत्रांनी. आर-१०१चं जोडभावंड आर-१०० मात्र १९३०च्याच उन्हाळ्यात कॅनडाला सुखरूप जाऊन आलं होतं. तरी त्याला उडवायचं धाडस कुणी केलं नाही, आणि १९३१मध्ये ते मोडून भंगारात गेलं.

या अपघाताच्या चौकशी समितीच्या अध्यक्षपदी सर जॉन सायमन आहेत. दोन वर्षांपूर्वी ज्यांच्यापुढे मुंबईत काळे झेंडे नाचले, ‘सायमन, परत जा’ म्हणून शहरं दणाणली, तेच. ते वकील मात्र कसलेले आहेत. एकेक साक्ष बारकाईने तपासतात. १९३१च्या मार्चमधला त्यांचा अहवाल उघडा. पुढच्या भागात आवरण फाटलं, पिशव्यांतला वायू गळत गेला आणि वरून वाऱ्याचा झोत आला, असा निष्कर्ष आहे. आणि दुसरं वाक्य सभ्य भाषेत पण स्पष्ट आहे: राजकीय धोरणाची निकड नसती तर हे जहाज त्या रात्री निघालंच नसतं. थॉमसन म्हणत, दहा लाखांत एखादी अडचण येईल, बाकी जहाज घरासारखं सुरक्षित आहे. पण ३ जुलैला पिशव्यांना भोकं पडताना जी दिसत होती, ती अडचण दहा लाखांतली एक नव्हती.

निघायचं कुणी ठरवलं, कुणी विरोध केला, केला का, हे ज्यांना विचारायला हवं होतं ते थॉमसन, ब्रँकर, कोलमोर, स्कॉट, अर्विन आणि रिचमंड सगळे त्याच जहाजात होते; सायमन यांना त्यांपैकी एकालाही साक्षीला बोलावता आलं नाही.