यकृताचा कर्करोग : आधीची लस आणि नंतरची लस

लस रोग होण्याआधी टोचायची असते, असे आपण वर्गात शिकवतो. मग कर्करोग झाल्यानंतर टोचायची लस ही काय भानगड आहे? यकृताच्या बाबतीत या दोन्ही लशींचा इतिहास एकाच धाग्यात ओवलेला आहे.

बारुख ब्लूमबर्ग यांना एका ऑस्ट्रेलियन आदिवासीच्या रक्तात एक अनोळखी प्रथिन आढळले. १९६५ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले. पुढे कळले, की हे तर हेपॅटायटिस-बी विषाणूचे वेष्टन! हा विषाणू यकृतात वर्षानुवर्षे राहिला तर तेथे कर्करोग होऊ शकतो. जन्माच्या वेळी आईकडून लागण झालेल्या सुमारे ९० टक्के बालकांत तो ठाण मांडतो, आणि त्या वेळी कावीळ बहुधा दिसतही नाही. आपल्याकडे कावीळ 'उतरवून' घेण्याची पद्धत आहे. दूषित पाण्याने होणारी कावीळ बहुतेकदा आपोआप बरी होते, श्रेय मात्र माळ घालणाऱ्याला जाते. बी विषाणूपुढे ही माळ काय करणार?

तैवानने १९८४ मध्ये नवजात बालकांना लस टोचायला सुरुवात केली. ६ ते १४ वर्षांच्या मुलांतील यकृताच्या कर्करोगाचे वार्षिक प्रमाण लाखामागे ०.७० होते; ते १९९०-९४ पर्यंत ०.३६ वर आले. त्याचा अहवाल १९९७ मध्ये निघाला. त्याच वर्षी हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने देशी लस बाजारात आणली, आयात लशीपेक्षा कितीतरी स्वस्त. आम्हा कंधारकरांना मुंबईपेक्षा हैदराबाद जवळचे. १९५६ पर्यंत आपला तालुका त्याच राज्यात होता.

ज्यांना गाठ झालीच आहे, त्यांचे काय? येथे यकृताचा स्वभाव आड येतो. आतड्यांतून येणारे रक्त आधी यकृतात जाते. त्यात अन्नाचे आणि जिवाणूंचे असंख्य परके अंश असतात. प्रत्येकावर लढाई पुकारली तर यकृतच जळून जाईल, म्हणून तेथे टी-पेशींना शांत ठेवले जाते. १९६९ मध्ये रॉय कॅन यांच्या गटाने दाखवले, की एका डुकराचे यकृत दुसऱ्यात बसवले तर ते औषधांशिवायही पुष्कळदा टिकते. हीच सहनशीलता गाठीच्या पथ्यावर पडते.

म्हणून उपचाराच्या लशीचे काम निराळे. गाठीच्या पेशींवरची खूण टी-पेशींना दाखवून त्यांना मारायला उठवायचे. जपानमध्ये ग्लिपिकॅन-३ या प्रथिनाचा तुकडा ३३ रुग्णांना टोचला गेला. २०१२ च्या अहवालानुसार टी-पेशी जाग्या झाल्या, पण गाठ लक्षणीय आकसली ती एकाच रुग्णात. जागे होणे आणि जिंकणे यांत इतके अंतर!

नंतर प्रत्येक रुग्णाच्या गाठीतले जनुकीय बदल वाचून त्याच्यापुरती लस बनवली जाऊ लागली. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशी डीएनए लस ३६ रुग्णांना दिली गेली. सोबत टी-पेशींवरचा लगाम सैल करणारे पेम्ब्रोलिझुमॅब हे औषध होते. तपासता आलेल्या २२ पैकी १९ जणांत टी-पेशींनी नव्या खुणा ओळखल्या. ११ रुग्णांच्या गाठी आकसल्या, त्यांपैकी तिघांच्या दिसेनाशा झाल्या. मात्र तुलनेसाठी नुसते औषध घेणारा गट नव्हता. त्यामुळे ११ पैकी किती जण लशीमुळे सुधारले आणि किती औषधामुळे, हे त्या चाचणीवरून सांगता येत नाही.