आधी तोल, मग चाल

अर्धांगवायूनंतर ‘काठी घ्या, चांगल्या पायावरच भार द्या’ असं तुम्हालाही कुणी सांगितलं असेल. पूर्वी उपचारांचा भरही चांगल्या बाजूवरच असे. १९४० च्या दशकात लंडनमध्ये बर्टा बोबाथ यांनी कमजोर बाजूलाच भार घ्यायला शिकवलं. मुंबईत केईएम रुग्णालयात १९५० च्या दशकात फिजिओथेरपीचं शिक्षण सुरू झालं. १९८९ मध्ये कॅनडाच्या कॅथरीन बर्ग यांनी तोल मोजायची १४ कृतींची, ५६ गुणांची चाचणी मांडली.

आज कुठलीही एकच पद्धत सर्वश्रेष्ठ मानत नाहीत. भरपूर सराव महत्त्वाचा. कागल पंचतारांकित एमआयडीसीत मशीनपुढे उभं राहून काम करायचं, तर आधी तोल हवा. म्हणून कमजोर पायावर भार घ्यायचा सराव करा, पण फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखालीच; एकट्याने नको.