घर दरसाल शाकारावं लागतं

मी कवी माणूस. एकदा छापून आलेल्या कवितेला पुन्हा हात लावायचा नाही, हा माझा जुना नियम. त्यामुळे संगणकावरचा ब्राउझर ‘नवी आवृत्ती आली आहे’ असं सांगू लागला की मला वाटे, आधीच नीट का नाही केलं यांनी? आणि मी ‘नंतर’वर टिचकी मारून मोकळा होई. एकदा मुलीनं पाहिलं. म्हणाली, ‘‘अब्बा, महिनाभर तुम्ही हा बंदच केलेला नाही. नवी आवृत्ती केव्हाच उतरून बसलीय, पण बंद करून उघडल्याशिवाय ती लागू होत नाही. आणि यातूनच तुम्ही बँकेचे व्यवहार करता!’’

मी ओशाळलो, आणि या ब्राउझरचा इतिहास वाचायला बसलो.

टिम बर्नर्स-ली यांनी पहिला ब्राउझर १९९० मध्ये जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ या संशोधन संस्थेत लिहिला. तो संशोधकांच्या वाचण्या-लिहिण्याचं साधन होता. १९९४ मध्ये नेटस्केप आला. त्याच्यात मजकूर कुलूपबंद करून पाठवायची सोय होती, म्हणून पैशांचे व्यवहारही वेबवर येऊ लागले. पण सप्टेंबर १९९५ मध्ये इयान गोल्डबर्ग आणि डेव्हिड वॅग्नर या बर्कलीच्या दोन विद्यार्थ्यांनी दाखवून दिलं की कुलूप भक्कम असलं तरी किल्ली ओळखता येते. ती घड्याळातली वेळ आणि संगणकातले एक-दोन अंदाज करता येणारे आकडे यांवरून घडवली जात होती. कंपनीनं लगेच सुधारित आवृत्ती दिली आणि पुढच्याच महिन्यात दोष शोधणाऱ्यांना बक्षिसं जाहीर केली. समीक्षकाला कुणा कवीनं असं बक्षीस दिल्याचं मला तरी आठवत नाही!

पुढे मायक्रोसॉफ्टनं बाजी मारली. २००१ मध्ये इंटरनेट एक्सप्लोररची सहावी आवृत्ती आली. स्पर्धक उरला नाही, आणि सातवी यायला २००६ उजाडलं. मधल्या काळात डागडुजी होत होती, पण मूळ बांधणी जुनीच. असंख्य कचेऱ्यांनी आपली कामं त्या सहाव्या आवृत्तीवरच बेतली होती, त्यामुळे ती सुटता सुटेना. जानेवारी २०१० मध्ये गूगलसह अनेक कंपन्यांवर हल्ला झाल्याचं उघड झालं. हल्लेखोर एक्सप्लोररमधल्याच एका फटीतून शिरले होते. जर्मनी आणि फ्रान्सच्या सरकारी यंत्रणांनी तूर्त दुसरा ब्राउझर वापरा, असं लोकांना सांगितलं. शेवटी २०११ मध्ये खुद्द मायक्रोसॉफ्टनंच ‘सहावी आवृत्ती सोडा’ अशी मोहीम काढली.

माझ्यासारख्या आळशांवरचा उपाय २००८ मध्ये आला. गूगलचा क्रोम न विचारता, मागच्या मागे स्वतःला सुधारून घेऊ लागला. गूगल आणि झुरिचचं तंत्रविद्यापीठ इथल्या दोघा अभ्यासकांनी २००९ मध्ये मोजणी केली. नवी आवृत्ती आल्यावर २१ दिवसांत क्रोमचे ९७ टक्के वापरकर्ते तिच्यावर पोचले होते. ऑपेरा तेव्हा सगळं काम वापरणाऱ्यावरच सोडत असे. त्याचे पोचले अवघे २४ टक्के. माणसं सारखीच, फरक फक्त ‘नंतर’चा.

आणि हे ‘नंतर’ महागात पडतं. दुरुस्ती जाहीर झाली की हल्लेखोर जुनी आणि नवी आवृत्ती शेजारी ठेवून काय बदललं ते पाहतात. बदललं तिथंच फट होती, हे त्यांना कळतं. म्हणजे ज्यानं दुरुस्ती घेतली तो सुटला. ज्यानं घेतली नाही त्याच्या भिंतीवर जणू खूण झाली. हे अंतर कमी करावं म्हणूनच २०२३ पासून क्रोमच्या सुरक्षा-दुरुस्त्या दर आठवड्याला येऊ लागल्या.

एक सावधगिरी मात्र हवी. वाचता वाचता एखादं पान ‘तुमचा ब्राउझर जुना आहे, इथं दाबा’ म्हणालं, तर दाबू नये. नवी आवृत्ती ब्राउझरच्या स्वतःच्या मेनूतूनच घ्यावी. फोनवर असेल तर फोनच्या अधिकृत ॲप-दुकानातून.

माझं लहानपण कोकणातल्या कौलारू घरात गेलं. दर मे महिन्यात अब्बा गडी लावून घर शाकारून घेत. फुटलेलं कौल एखादंच निघे. पण पाऊस नेमका तेच शोधतो, असं ते म्हणत. दरसाल कौलं परतावी लागतात म्हणून घर बांधणाऱ्याला कुणी नावं ठेवली नाहीत.

छापलेल्या कवितेचा नियम मी अजून पाळतो. ब्राउझर मात्र आता रोज रात्री बंद करतो.