पाहुणी फुले, घरची फुले

गणपतीच्या तयारीत मखर, दिव्यांच्या माळा, प्रसादाचे सामान या सगळ्याची सोय आठ दिवस आधी लावता येते. फुले मात्र त्याच दिवशीची लागतात. ती घरी आली, की एरवी रेल्वे क्वार्टरच्या पिवळ्या भिंती बघून कंटाळलेल्या माणसालाही घर प्रसन्न वाटू लागते. उत्सव संपल्यावरही देव्हाऱ्यात चार फुले, टीपॉयवर एखादी निशिगंधाची काडी आणि दारावर वाळलेले तोरण एवढे असले तरी घराला घरपण येते. ही फुले आपल्या घरात आली कुठून, याचा शोध घेण्याचा छंद मला गेली काही वर्षे लागला आहे. पेशाने मी डिप्लोमावाला इलेक्ट्रिकल इंजिनिअर, ओव्हरहेड वायर आणि ट्रान्सफॉर्मर यांत रमणारा. तेव्हा वनस्पतिशास्त्राच्या जाणकारांनी हा लेख सांभाळून घ्यावा.

सुरुवात झेंडूपासून करू. झेंडूशिवाय दसरा आपल्या कल्पनेतही येत नाही. पण हा झेंडू मूळचा मेक्सिकोचा! तिथले ॲझटेक लोक तो धर्मकार्यात वापरत. आजही तिथे नोव्हेंबरच्या सुरुवातीला पितरांची आठवण म्हणून झेंडूच्या राशी मांडतात. कोलंबस १४९२ मध्ये अमेरिकेत पोहोचला आणि पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतला. त्यानंतरच्या काळात समुद्रमार्गे ज्या अनेक वनस्पती आपल्याकडे आल्या, त्यांतलाच हा एक. म्हणजे मिरची, बटाटा, पेरू यांचाच तो भाऊबंद. निशिगंधही मेक्सिकोचा. देवळाच्या आवारातला पांढरा चाफा आणि अंगणातली गुलबक्षी, दोन्ही अमेरिका खंडातल्या. शेवंती चीनकडची. हालाच्या ‘गाथासप्तशती’त मोहाची फुले भेटतात, पण झेंडू भेटणे शक्य नाही, कारण तो तेव्हा समुद्रापलीकडे होता.

याचा अर्थ आपली फुले परकी आहेत असा मी काढत नाही. तीन-चारशे वर्षे आपल्या दाराला तोरण होऊन राहिलेल्याला परका कोण म्हणेल? उलट आपल्या पूर्वजांचे कौतुक वाटते. नवे फूल आले, ते टिकाऊ आहे, रंगाला चांगले आहे, देवाला शोभते, एवढे त्यांनी पाहिले. गावाचा दाखला मागितला नाही.

आता आपल्या प्राजक्ताची गोष्ट. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहत होता. त्याचा औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. त्यात प्राजक्ताला ‘दुःखी झाड’ म्हटले आहे. फुले रात्री उमलतात आणि सूर्य उगवताच गळतात, म्हणून सूर्यावर रुसलेल्या राजकन्येची दंतकथाही त्याने दिली आहे. प्राजक्ताच्या शास्त्रीय नावात हे दुःखी झाड आजही आहे. तेच फूल इथे शिउली म्हणून शरद ऋतूची वर्दी देते आणि ते पश्चिम बंगालचे राज्यफूल आहे. गंमत पुढेच आहे. महाराष्ट्राचे राज्यफूल ताम्हण, आणि त्याला बंगालीत म्हणतात जारुल. म्हणजे आपल्या अंगणातले फूल त्यांनी मानाचे केले आणि त्यांच्या रस्त्याकडेचे फूल आपण! जास्वंदही तशीच. आपल्याकडे ती गणपतीला, इथे कालीमातेला.

आम्हा रेल्वेवाल्यांचाही या इतिहासात थोडा वाटा आहे. बंगाल नागपूर रेल्वे १८८७ मध्ये स्थापन झाली. नागपूरचे नाव घेऊन ही गाडी बंगालात आली, हे आपण मराठी मंडळींनी विसरू नये. कोलाघाटला रूपनारायण नदीवर पूल झाला आणि १९०० मध्ये खडगपूर हावड्याला जोडले गेले. कोलाघाट, देउलटी, पांशकुडा हा पट्टा आज फुलांचा म्हणून ओळखला जातो. पहाटेच्या लोकलमध्ये झेंडूच्या माळांची ओझी, रजनीगंधाच्या जुड्या, जास्वंदीच्या कळ्यांच्या टोपल्या चढतात आणि सूर्य वर यायच्या आत हावडा पुलाखालच्या मल्लिक घाटाच्या बाजारात पोहोचतात. फूल काही तासांत कोमेजते. म्हणून फुलवाल्याला गाडीचा उशीर आणि तोटा यांत फरक वाटत नाही. रात्रपाळीत ओव्हरहेड वायरचा बिघाड दुरुस्त करताना मला या ओझ्यांची हमखास आठवण होते.

२०२० साली हे फार प्रकर्षाने दिसले. मार्चमध्ये लोकल थांबल्या, त्या नोव्हेंबरमध्येच पुन्हा धावल्या. देवळे बंद, लग्ने थांबलेली, गाड्या नाहीत. शेतकऱ्यांना उभी फुले तोडून फेकावी लागली. घरातल्या फुलदाणीमागे किती जणांची चूल असते, हे त्या वर्षी कळले.

ताजे फूल एका दिवसाचे, पण वाळलेल्या फुलांचीही आपल्याकडे परंपरा आहे. बकुळीचा वळेसर वाळला तरी त्याचा वास जात नाही, म्हणून आपल्या आज्या तो लुगड्यांच्या घडीत ठेवत. कोकण-गोव्यातली सुरंगीही तशीच. बंगालने तर न वाळणारे फूलच शोधले आहे. पाणथळ जागी उगवणाऱ्या शोला नावाच्या झुडपाचा गाभा पांढराशुभ्र आणि हलका असतो. तो पातळ तासून मालाकार मंडळी त्याची फुले करतात. नवरदेवाचा टोपोर आणि दुर्गेचा साज याच शोल्याचा. साहेब लोकांची ‘सोला हॅट’ही ह्याचीच! तिचा इंग्रजीतल्या सूर्याशी काही संबंध नाही. कोलकाता आणि तमिळनाडूतले तुतुकुडी ही वाळवलेल्या फुलांच्या निर्यातीची मोठी केंद्रे आहेत.

घरी फुले वाळवायची तर गुलाबाची जुडी उलटी करून अंधाऱ्या, हवेशीर खोलीत दोन आठवडे टांगावी. रंग जास्त टिकवायचा असेल तर आमच्या खात्यातली युक्ती आहे. ट्रान्सफॉर्मरमध्ये जाणारी हवा कोरडी राहावी म्हणून सिलिका जेल वापरतात. बाजारातून ते आणून बंद डब्यात फूल त्यात पुरून ठेवले, की चार-सहा दिवसांत रंगासकट वाळते. निळे जेल मात्र विषारी असते, तेव्हा ते मुलांपासून आणि स्वयंपाकघरापासून दूर ठेवावे. आमच्या सौ. आणि शेजारच्या बौदी यांनी केलेली अशी फुले आमच्या बैठकीत वर्षभर असतात.

सगळेच पाहुणे गुणी निघाले असे नाही. जांभळ्या तुऱ्याची जलपर्णी दक्षिण अमेरिकेतून शोभेसाठी म्हणून आली आणि तिने बंगालचे खाल-बिल असे भरून टाकले, की १९३६ मध्ये सरकारला तिच्याविरुद्ध कायदा करावा लागला. ज्या पाणथळ जागांत शोला उगवतो, त्या आता भराव घालून बुजत आहेत. पाणथळ गेली की शोला जाणार आणि मालाकाराचा हातही थांबणार. महाराष्ट्रात २०१८ मध्ये थर्माकोलवर बंदी आली, तेव्हा अनेकांना मखर कशाचे करावे असा प्रश्न पडला. आपल्या दाराशी तर त्याचे उत्तर शेकडो वर्षांपासून आहे.

म्हणून एक सुचवावेसे वाटते. मंडळाचे मखर शोल्याचे करावे आणि ते इथल्याच मालाकारांकडून करून घ्यावे. दहा दिवसांच्या निर्माल्यातले झेंडू नदीत न सोडता वाळवावेत. कागदाच्या पुडीत जपलेले बी पावसाच्या तोंडावर पेरले, की दसऱ्याच्या तोरणाची सोय होते. ज्यांना क्वार्टरमागे जागा आहे, त्यांनी एक बकूळ लावावी. आपली बदली होईल, पण झाडाची होत नाही. पुढे राहायला येणाऱ्याला ती फुले मिळतील.

या मुलखाशी आपली पहिली ओळख अठराव्या शतकात झाली ती बर्गी म्हणून, आणि ती सुखाची नव्हती. नंतर रेल्वेने आपल्याला सहकारी म्हणून इथे आणले. सखाराम गणेश देऊस्कर हे मराठी कुळातले लेखक तर बंगालीत लिहून १९०४ च्या ‘देशेर कथा’मुळे बंगाली माणसाचे आपले झाले. झेंडूने जे केले तेच हे. रुजायचे आणि ज्या दारी आलो त्या दाराची शोभा वाढवायची. आपल्याकडूनही गणरायाने एवढे करून घ्यावे.

गणपती बाप्पा मोरया!