पुढच्या अंकापर्यंत

गोदामांचे पत्रे डोळ्यांसमोरून काढा, कंटेनरचे हॉर्न बंद करा. भिवंडीचा रस्ताही राहू द्या बाजूला. १८९६च्या वैशाखात तुम्ही काल्हेरला ठाण्याहून होडीने येताय, आणि उतरताना पाय पोटरीपर्यंत चिखलात जाणार आहे. वहाणा हातात घ्या. नाही घेतल्यात? गेली एक.

गाव दिसण्याआधी वास येतो. तिवराखालच्या कुजक्या चिखलाचा, अंगणात पसरलेल्या सुकटीचा आणि शेतात पेटवलेल्या राबाचा. धुराने डोळे चुरचुरतात. ऊन कलतंय, पण जमीन अजून तळपाय भाजतेय. मिठागरावरून माणसं परततायत. टाचांच्या भेगांत मीठ शिरलेलं, म्हणून चालही जपून.

अंधार पडला की एका अंगणात दाटी होते. तुमच्यासाठी कोणी सरकणार नाही, गुडघ्याला गुडघा लावून बसा. रॉकेलची चिमणी फडफडते, डास मात्र नेमके तुमच्या मानेवर. ठाण्याच्या कचेरीत उमेदवारी करणारा पोरगा घामेजल्या हाताने ‘करमणूक’ उघडतो. पुण्याहून निघणारं हरि नारायण आपट्यांचं साप्ताहिक. त्यात त्यांची ‘उषःकाल’ ही कादंबरी क्रमशः येतेय.

पोरगा लांबलचक वाक्यांत अडखळतो, मग तेच आगरी बोलीत सांगून मोकळा होतो. सुलतानगडाचे किल्लेदार रंगराव अप्पा विजापूरच्या मिठाला जागणारे. मुलगा नानासाहेब शिवाजीराजांकडे ओढलेला. झालं, अंगण दुभंगलं! मिठागरात जन्म काढलेले म्हातारे अप्पांच्या बाजूने, पोरं नानासाहेबांच्या. कोणी तंबाखू थुंकून मुद्दा मांडतो, कोणी त्याला गप्प बसवतो. एक तान्हं रडून रडून झोपतं. तुमच्या पाठीवर कोणाचा तरी हात पडतो: तुम्ही कोणाकडून? लवकर ठरवा.

आणि ऐन मोक्याला पोरगा थांबतो. अंक संपला.

‘‘आरं, मंग पुरं काय झायलं?’’ मागून एक आजी कडाडते. पोरगा काय सांगणार, त्यालाही ठाऊक नाही. आपटे तिकडे पुण्यात लिहितायत.

ऐन मोक्याला थांबायची ही खोड एकट्या आपट्यांची समजू नका. चीनमध्ये मिंग काळात फेंग मेंगलाँगने आपसांत झुंजणाऱ्या प्राचीन राज्यांची १०८ प्रकरणांची कादंबरी रचली. तिकडच्या अशा कादंबऱ्यांची घडण बाजारात गोष्टी सांगणाऱ्या कथेकऱ्यांकडून आलेली. प्रकरण ऐन रंगात तोडायचं आणि उरलेलं पुढच्या खेपेला ऐकायला बोलवायचं, हा त्यांचा जुना रिवाज. राज्यं बुडतात, राजे मरतात, श्रोता मात्र उद्या परत आला पाहिजे! माझ्या मते इतिहासाच्या कादंबरीची खरी परीक्षा याच अंगणात होते, ग्रंथालयात नाही.

भरती आलीय, होडीवाला हाका मारतोय. ‘उषःकाल’ मिळवा, पण मनात वाचू नका. अंगण नसेल तर इमारतीचा जिना चालेल. चार माणसं जमवा, मोठ्याने वाचा, आणि प्रकरण संपलं की पुस्तक मिटून टाका. लोक ओरडले तर ओरडू द्या.