जंतांची गोळी आणि गांवची माती

पोटांतील जंत औषधानें पडतात. परंतु उघड्यावरील मळाबरोबर त्यांचीं अंडीं मातींत मिसळतात, आणि अंकुशकृमीचें पिलूं अनवाणी पायाच्या कातडींतून पुनः शरीरांत शिरतें. म्हणून रोग्याइतकीच जमीनहि शुद्ध व्हावी लागते.

वऱ्हाडच्या गाडगेबाबांनीं १९०५ सालीं घर सोडलें. दिवसा खराट्यानें गांव झाडावें, रात्रीं कीर्तनांत स्वच्छता सांगावी, हा त्यांचा नेम. शेजारच्या नागपुरांत सार्वजनिक आरोग्य-अभियांत्रिकीची केंद्रीय संशोधनसंस्था १९५८ सालीं निघाली. बाबांच्या नांवाचें ग्रामस्वच्छता अभियान २००० सालीं, आणि मुलांस जंतनाशक गोळी देण्याचा राष्ट्रीय दिन २०१५ सालीं सुरू झाला.

गोळी उपकारक खरी. पण जेथें शौचकूप नाहीं तेथें तिचा गुण माती पुनः हिरावून घेते, हें आम्हांस विसरतां येत नाहीं.